पेढीवरील संगणक आणि सिंगाजीचा कोळसा



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, संगीत अशा सरस विषयांवर अधिकारी विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला मला बसवून संयोजकांनी माझा सन्मान केला आहे आणि थोडी पंचाईतही केली आहे. कारण माझे आयुष्य संगणकाच्या खोल्यांत गेले आणि माझा विषय त्यामुळे रुक्षच राहणार. परंतु गुरुजी आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत, आणि ‘ऊर्जा नाहीशी होत नाही, ती कोठे गेली ते शोधा’ हा त्यांचा नेहमीचा आग्रह असे. व्यापारधंद्यातील संगणक वीज खातात, ती कोठून येते, कोठे जाते आणि तिचा भार हलका कसा करता येईल, हे शोधणे त्यांच्या स्मृतीला अनुचित ठरणार नाही, अशी माझी समजूत आहे.

प्रश्न दूरचा नाही. राजवाड्याच्या चौकात उभे राहून कोणत्याही दिशेला दहा मिनिटे चालत जावे. सराफा लागेल, कपडा मार्केट लागेल, शीतलामाता बाजार, खजुरी बाजार, जेल रोड लागेल. आमच्या लहानपणी या सर्व पेढ्यांवर लाल कापडाच्या बांधणीची चोपडी असे, दिवाळीत तिचे पूजन होई आणि मुनीमजी गादीवर मांडी घालून तिच्यात जमाखर्च लिहीत. आज त्याच गादीच्या बाजूला संगणकाचा पडदा आहे. हे स्थित्यंतर प्रत्येकाने हौसेने घडविले असे नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्रे संगणकावाचून भरता येईनात. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्याला अन्य व्यापाऱ्याशी होणाऱ्या व्यवहाराचे बीजकच संगणकीय पद्धतीने नोंदविणे बंधनकारक झाले. तेव्हा संगणक वापरावा की नाही, हा वाद आता संपला आहे. कसा वापरावा, एवढेच आपल्या हाती उरले आहे.

यावर पुष्कळ जण म्हणतात, ‘कागद वाचला, म्हणजे झाडे वाचली, याहून अधिक पर्यावरण ते काय?’ हे बोलणे अगदीच खोटे नाही, पण ते अर्धे आहे. कागदाचा खर्च डोळ्यांना दिसतो, कारण रद्दीचा गठ्ठा कोपऱ्यात साचतो. संगणकाचा खर्च दिसत नाही, कारण त्याचा धूर आपल्या गल्लीत निघत नाही. तो निघतो येथून दूर, खंडवा जिल्ह्यात.

इंदिरा सागर जलाशयाच्या काठी श्री सिंगाजी औष्णिक विद्युत् केंद्र आहे. ६०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन असे चार संच मिळून त्याची क्षमता २,५२० मेगावॉट आहे. निमाडातील ज्या निर्गुणी संताचे नाव या केंद्राला दिले आहे, त्यांच्या भजनांत धुराला स्थान नव्हते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. असो. विजेच्या जाळ्यात एकदा प्रवाह मिसळला, की आपल्या दिव्यात आलेला अमुक युनिट सिंगाजीचा की ओंकारेश्वरच्या धरणाचा की रीव्याच्या सौर प्रकल्पाचा, हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून केंद्रीय विद्युत् प्राधिकरण सबंध देशाची सरासरी काढते, आणि ती गेली काही वर्षे दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड इतकी आहे. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा. पुढचे सर्व हिशेब त्याच्यावर उभे आहेत.

आता रात्रीचा हिशेब करू. दहा संगणकांचे एखादे मध्यम कार्यालय घ्या. सनदी लेखापालाचे म्हणा, किंवा घाऊक कापड व्यापाऱ्याचे. संध्याकाळी मंडळी पडदा काळा करून घरी जातात, यंत्र चालूच राहते. काही काम न करता नुसते जागे असलेले टेबलावरचे जुने यंत्र साधारण ५० वॉट घेते असे धरू. रात्रीचे चौदा तास म्हणजे ०.७ युनिट. वर्षाच्या ३०० रात्री आणि दहा यंत्रे मिळून २,१०० युनिट झाले. त्यांच्यापोटी सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, आणि त्या अवधीत एकही बीजक लिहिले गेले नाही, एकही ताळेबंद जुळला नाही. एका कार्यालयाचा आकडा किरकोळ वाटेल. राजवाड्याभोवतीची कार्यालये मोजायला बसलात, की तो किरकोळ राहत नाही.

असे का घडते, याचे कारण मी अनेकांना विचारले आहे. उत्तर बहुधा एकच मिळते: ‘वारंवार चालू-बंद केल्याने मशीन खराब होते.’ पूर्वीच्या यंत्रांच्या बाबतीत या समजुतीत थोडे तथ्य होते. आजची यंत्रे दिवसातून एकदा बंद होणे सहज सोसतात. शिवाय त्यांना निद्रिस्त करण्याची सोय असते, जिच्यात वीज दोन-चार वॉटवर येते. ही सोयही नवी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू केले, ते प्रथम संगणक आणि पडदे यांच्यासाठीच, आणि काम नसताना यंत्राने आपोआप झोपावे हीच त्यातील मुख्य अपेक्षा होती. तीस वर्षे उलटून गेली. सोय प्रत्येक यंत्रात आली. आपण ती ‘त्रास देते’ म्हणून पहिल्याच दिवशी बंद करून टाकतो. पडद्यावर पोहणारे मासे किंवा उडणारे तारे म्हणजे वीजबचत, असा समज तर अजूनही आढळतो. ते मासे जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकाच चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून सोडलेले होते. विजेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

आता थंडाव्याकडे येतो. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या बाबतीत आपल्या माळव्याला निसर्गाने जे दिले आहे, त्याचा आपण उपमर्द करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकात शिरलेली वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते, गुरुजींचा नियम. ती उष्णता खोलीबाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागते. मी नोकरीत असताना एका कार्यालयाची सर्व्हरची खोली पाहिली होती. त्या कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आत १८ अंश. तेथील तंत्रज्ञ खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टांगून ठेवीत असे. ‘यंत्रांना थंड लागते’ असे त्याला कोणीतरी सांगितले होते, आणि त्या सांगणाऱ्याला त्याच्या आधीच्या कोणीतरी. वस्तुतः वातानुकूलन क्षेत्रातील ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकन अभियंता संस्थेने २००८ सालीच अशा खोल्यांसाठी शिफारस केलेली वरची मर्यादा २७ अंशांपर्यंत नेली आहे. १८ वरून २५ वर येण्यास नवे यंत्र लागत नाही, दूरनियंत्रकाची कळ सात वेळा दाबावी लागते. शिवाय मागून निघणारी गरम हवा पुन्हा पुढून आत शिरू नये, एवढी सर्व्हरांच्या कपाटांची मांडणी केली, रिकाम्या फटी साध्या पत्र्याने बुजवल्या, तर वातानुकूलन यंत्राचे अर्धे श्रम हलके होतात.

आणि रात्री? आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पठारावर वसलेले. ज्या ‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्यातील रात्रीचे, उत्तर हिंदुस्थानात कौतुक झाले, ती रात्र वर्षातील पुष्कळ महिने खिडकीबाहेर फुकट उभी असते. धूळ गाळून ती हवा पंख्याने आत घेतली, तर हिवाळ्यात लहान सर्व्हर-खोलीला यंत्राच्या थंडाव्याची गरजच क्वचित पडावी. पावसाळ्यातील दमट हवेत हे चालणार नाही, हे मान्य. परंतु बारा महिने एकच उपाय लावण्याचा हट्ट तरी कशासाठी? आपल्या पूर्वजांनी राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे बांधले. जाड भिंतीची सावली आणि चौकातून वाहणारा वारा यांचा उपयोग त्यांना समजत होता. आज त्याच परिसरात पश्चिमेकडे तोंड केलेल्या काचेच्या खोलीत सर्व्हर ठेवतात आणि मग उन्हाशी झुंज देण्यासाठी दोन टनांचे यंत्र विकत आणतात.

मोठ्या कंपन्यांना हे उमगले आहे, ते पुण्याईने नव्हे तर विजेच्या बिलाने. इन्फोसिसने हैदराबादच्या आपल्या आवारात २०११ साली एक इमारत बांधली. तिच्या अर्ध्या भागात नेहमीचे, पण उत्तम प्रतीचे वातानुकूलन बसविले आणि उरलेल्या अर्ध्यात छतातील नळ्यांतून थंड पाणी खेळविले. एकाच इमारतीचे दोन भाग शेजारी शेजारी मोजल्यामुळे वादाला जागा उरली नाही. पाण्याच्या बाजूची वीज सुमारे एक-तृतीयांशाने कमी लागली. मला त्यातील नळ्यांपेक्षा मापनाचे महत्त्व अधिक वाटते. आपल्याकडे दुकानदाराला महिन्याचे एकूण बिल ठाऊक असते. त्यातील संगणकाचे किती, दिव्यांचे किती, वातानुकूलनाचे किती, हे ठाऊक नसते. जेल रोडवर प्लगमध्ये बसणारा लहानसा वीजमापक अल्प किमतीत मिळतो. तो आठवडाभर लावून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

येथपर्यंतचा भाग विजेचा झाला. पण संगणकाचे ओझे तो आपल्या टेबलावर येण्यापूर्वीच पुष्कळसे पडून गेलेले असते, आणि ही गोष्ट सुशिक्षितांनाही सहसा माहीत नसते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. त्या काळचा एक टेबलावरचा संगणक व त्याचा पडदा घडविण्यास २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार लिटर पाणी लागत होते. आजचा लॅपटॉप अंगाने सडपातळ आहे, तरी त्याच्या निर्मितीपोटी साधारण २०० ते ३०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे उत्पादकांचीच पत्रके सांगतात. आता आपला ०.७ चा आकडा लावा. ३० वॉटचा लॅपटॉप रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला, तर ७२ युनिट, म्हणजे पन्नासेक किलो. निर्मितीत जेवढे गेले, तेवढे वापरात जायला चार ते सहा वर्षे लागतात. जो व्यापारी दर तीन वर्षांनी ‘नवा अधिक वीज वाचवतो’ म्हणून लॅपटॉप बदलतो, तो पर्यावरणाचे नुकसानच करतो.

नियम सरसकट लावू नये. कोणाकडे अजून काचेच्या नळीचा पडदा आणि शंभराहून अधिक वॉट ओढणारे पुराणे यंत्र असेल, तर त्याला निरोप देणे योग्य होय; दीडशे-दोनशे किलो तो वर्षालाच जाळतो. बाकीच्यांनी यंत्राचे आयुष्य वाढवावे. स्मृतीची पट्टी वाढवून घेतली, फिरत्या चकतीऐवजी घनस्थितीतील साठवण बसविली, पंख्यावरची धूळ झाडली, की जमाखर्चाचे काम करणारे यंत्र आणखी तीन-चार वर्षे तरुण राहते. ही दुरुस्ती करणारे कुशल हात याच परिसरात आहेत, आणि त्यांचा रोजगारही यात आहे.

या मार्गात अलीकडे एक विघ्न आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबले, आणि पुढची प्रणाली सुस्थितीतील अनेक यंत्रे स्वीकारीत नाही, कारण त्यांच्यात एक विशिष्ट सुरक्षा-चिप नाही. यंत्र धडधाकट, आणि केवळ प्रणालीसाठी त्याला निवृत्त करायचे! ज्यांचे काम ब्राउझर, पत्रलेखन आणि तक्ते एवढ्यावर भागते, त्यांनी लिनक्सचा विचार अवश्य करावा. सी-डॅकने ‘बॉस’ या नावाने तिची भारतीय आवृत्तीही केली आहे. हिशेबाचा ठरावीक कार्यक्रम तीवर चालत नसेल, तर मात्र आग्रह धरण्यात अर्थ नाही. राजवाड्याचा मागचा भाग १९८४ च्या दंगलीत जळाला, तेव्हा ‘पाडा आणि सिमेंटचे नवे बांधा’ म्हणणारेही असतीलच. तो पुढे दगड, वीट आणि चुना वापरूनच पुन्हा उभा राहिला. दुरुस्तीचा हा संस्कार आपल्याला परका नाही.

यंत्राचा अंत ही माझ्या भाषणातील सर्वांत अवघड बाजू आहे, कारण येथे मला माझ्याच स्नेह्यांशी मतभेद व्यक्त करावा लागणार आहे.

आपण इंदूरकर स्वच्छतेचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर अग्रस्थानी आहे. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा रोजच्या ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. नगरपालिकेची गाडी दारात येते, तेव्हा गृहिणी ई-कचराही वेगळा काढून देतात. परंतु पेढीवरचा मोडका संगणक त्या गाडीत क्वचितच जातो. तो अटालेवाल्याला विकला जातो, कारण त्याचे दोन पैसे येतात. अटालेवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो बिचारा पोट भरतो. पुढे ती पाटी कोठे जाते? दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे या धंद्यात प्रसिद्ध आहेत. तेथे तारा जाळून तांबे काढतात, परिपथाच्या पाट्या आम्लात बुडवून मौल्यवान धातू काढतात, आणि शिसे, कॅडमियम उरते ते रामगंगेच्या वाळूत आणि ते काम करणाऱ्यांच्या, त्यांच्या मुलांच्या शरीरात. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला; रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद त्यातील एक-चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची आहे.

कायदा आहे. २०११ च्या नियमांपासून आरंभ झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाचे लक्ष्य घातले. ग्राहकांपैकी कडक बंधन आहे ते ‘मोठ्या ग्राहका’वर, आणि मोठा कोण, तर ज्याने वर्षात एक हजार उपकरणे वापरली तो. सुपर कॉरिडॉरवरील कंपन्या त्यात येतील. सराफ्यातील पेढी येणार नाही. म्हणजे राजवाड्याभोवतीच्या शेकडो पेढ्यांच्या मोडक्या यंत्रांचे काय होते, हे त्या त्या मालकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेले आहे. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्यांचे तेच. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे पावती घेऊन परत करणे, हा त्यातला सोपा आणि योग्य मार्ग.

आणि आता मतभेदाचे बोलतो. माजी विद्यार्थ्यांमध्ये एक प्रघात पडला आहे: कार्यालयातील यंत्रे बदलली, की जुनी शाळेला ‘भेट’ द्यायची. हेतू उदात्त असतो, वर्तमानपत्रात छायाचित्रही येते. पण आठ-दहा वर्षांची, निम्मी बंद पडलेली यंत्रे शाळेच्या दारात ठेवणे, याला मी दान म्हणू शकत नाही. त्यात विल्हेवाटीचा भार आपल्या डोक्यावरून काढून गुरुजींच्या संस्थेच्या डोक्यावर ठेवला जातो. शाळेजवळ त्या यंत्रांना नीट करण्यास पैसा नसतो, टाकण्यास मार्ग ठाऊक नसतो. ती जिन्याखाली वर्षानुवर्षे पडून राहतात आणि अखेरीस अटालेवाल्याकडेच जातात. ज्याला द्यायचे त्याने यंत्र तपासून, दुरुस्त करून, प्रणाली घालून, किमान तीन वर्षे चालेल अशा अवस्थेत द्यावे, आणि ती तीन वर्षे संपल्यावर नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचविण्याची जबाबदारीही लेखी घ्यावी. हे कठोर वाटेल. आपल्या शाळेच्या जिन्याखाली काय आहे, ते आज जाताना सर्वांनी पाहावे.

‘क्लाउड’विषयी थोडक्यात. पेढीतील स्वतंत्र सर्व्हर काढून मोठ्या डेटा सेंटरकडे काम सोपवणे सामान्यतः हिताचे ठरते, कारण तेथे थंडाव्यावरचा वाया खर्च फार कमी असतो. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांचे काम साडेसहा पटींवर गेले, तरी त्यांची वीज अवघी सहा टक्क्यांनी वाढली, असा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला होता. परंतु तो सुकाळ टिकला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२४ साली ही केंद्रे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का, वापरत होती, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल. इंग्लंडमधील जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते, की वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळला नाही, उलट अधिक जळला. वस्तू स्वस्त झाली की आपण ती सढळ हाताने वापरतो. रोज सकाळी शंभर जणांना पाठविलेल्या पुष्पगुच्छांच्या चित्रांविषयी मी काही बोलत नाही. श्रोत्यांत माझे नातेवाईक आहेत.

सौरऊर्जेचा मार्ग आपल्या नगरपालिकेनेच दाखविला आहे. १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून इंदूरला आणले जाते, आणि त्या पंपांचे बिल हा महापालिकेच्या खजिन्यावरचा मोठा भार आहे. त्यासाठी जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याकरिता फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, आणि सामान्य नागरिकांनीही ते घेतले. बाजारातील संगणक बहुतांशी दिवसा, दुकान उघडे असतानाच चालतात. म्हणजे ऊन आणि काम यांची वेळ जुळते. कपडा मार्केटच्या छपरांचा विचार व्यापारी संघटनांनी या दृष्टीने करावा.

संचालक मंडळापुढे मी एक लेखी सूचना ठेवली आहे, तिचा उल्लेख करून थांबतो. शाळेच्या संगणक कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांनी जो निधी जमवला आहे, त्यातून सर्व यंत्रे नवी घेण्याचा ठराव तूर्त स्थगित ठेवावा. नववीच्या विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली चार वीजमापक घेऊन प्रथम कक्षातील प्रत्येक यंत्र मोजावे. दुरुस्त होण्याजोगी किती आणि टाकाऊ किती, याची यादी करावी. आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर परिसरातील ज्या पेढ्या अनुमती देतील, तेथे एकेक आठवडा तेच मापन करावे. मापकांचा खर्च मी देईन. पेढ्यांची नावे नोंदविण्यासाठी एक वही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. कागदाची आहे, त्याबद्दल क्षमा असावी.